एसीचा गॅस 'संपत' नसतो: घरच्या एसीचा खर्च आणि देखभाल, घेण्यापासून धुण्यापर्यंत

आमच्या घरी एसी घ्यायचा की नाही हा वाद तीन उन्हाळे चालला, कारण नागपूरकरांचा कूलरवर जीव असतो. एप्रिल-मे मधे बाहेर ४५ असलं तरी हवा कोरडी ठणठणीत असते, त्यामुळे कूलरची ताटी ओली झाली की खोली बरोबर गार होते आणि डेझर्ट कूलर २००-२५० वॅटमधे रात्र काढून देतो. गोची होते जूनमधे. एक-दोन सरी पडल्या की तोच कूलर नुसती चिकट दमट हवा फेकतो, चादर अंगाला चिकटते, आणि मग रात्री दोन वाजता बायको म्हणते, "घ्या आता एकदाचा."

तर घेतला. आणि पुढच्या पाच वर्षांत मी जे काही पैसे वाया घालवले, त्यातून हा लेख तयार झालाय. शोरूममधे ज्या दोन-तीन हजारांसाठी आपण घासाघीस करतो ना, त्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे नंतर हळूहळू गळतात, म्हणून क्रमाने सांगतो.

आधी तास मोजा, मग स्टार बघा

दुकानात पहिला प्रश्न असतो थ्री स्टार की फाइव्ह स्टार. त्याचं उत्तर दुकानदाराकडे नसतं, तुमच्याकडे असतं. एसीवर बीईईचं (विजेची बचत बघणाऱ्या सरकारी संस्थेचं) जे लेबल चिकटवलेलं असतं त्यावर वर्षाला किती युनिट लागतील हे छापलेलं असतं, पण ते वर्षाला १६०० तास एसी चालेल असं धरून काढलेलं असतं. तुमचा खरंच १६०० तास चालतो का?

माझं उदाहरण घ्या. मे पर्यंत कूलर, म्हणजे एसी धरला तर साधारण ९० रात्री, रोज ८ तास, झाले ७२० तास. माझी बहीण ठाण्याला राहते, तिथे कूलरचा काही उपयोग नाही कारण हवा आधीच दमट, तिचा मार्चपासून पाऊस लागेपर्यंत आणि परत ऑक्टोबरमधे चालतो, शिवाय सासरे दुपारीही लावतात, तिचे आरामात १६०० होतात.

दीड टनात थ्री स्टारच्या लेबलवर साधारण १००० युनिट आणि फाइव्ह स्टारवर ७८० च्या आसपास दिसायचं. फरक २२० युनिटचा. माझ्या बिलात वरच्या स्लॅबचं, म्हणजे वापर वाढला की लागणाऱ्या महाग दराचं, एक युनिट सगळं धरून १३ रुपयांच्या आसपास पडतं. म्हणजे बहिणीचे वर्षाला २८०० च्या वर वाचतात, माझे मात्र तासांच्या हिशोबाने ९९ युनिट, म्हणजे जेमतेम १३०० रुपये. मी बघत होतो त्या दोन मॉडेलच्या किमतीत ९००० चा फरक होता. तिचे तीन वर्षात वसूल, माझे सात वर्षात. मी थ्री स्टार घेतला आणि तिला फाइव्ह स्टार घ्यायला लावला. आमच्या इथला उन्हाळा लेबलवाल्या सरासरीपेक्षा कडक आहे त्यामुळे माझे आकडे थोडे वर सरकतात, पण निर्णय बदलण्याइतके नाही.

नुसते स्टार मोजू नका, त्याखालचा आयएसईईआरचा आकडा बघा (एक युनिट वीज खाऊन एसी सीझनभरात किती गारवा देतो त्याचं माप, जास्त तितकं चांगलं). जुलै २०२२ मधे निकष कडक झाले तेव्हा स्प्लिट एसीला फाइव्ह स्टारसाठी ४.५० ऐवजी ५.०० लागायला लागले, म्हणजे आधीचे बरेच फाइव्ह स्टार रातोरात फोर स्टार झाले. जुना स्टॉक किंवा सेकंडहँड घेताना हे लक्षात ठेवा, स्टार किती यापेक्षा लेबल कोणत्या वर्षाचं ते महत्त्वाचं. आणि किमतीबद्दल एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे कोणी आधीचं कोटेशन दाखवून "एवढा डिस्काउंट दिला बघा" म्हणालं तर आधी टॅक्स कुठला लावलाय ते बघा.

टन किती

एक टन म्हणजे एसीचं वजन नाही, हे माझ्या सासऱ्यांना अजून पटलेलं नाही. एक टन बर्फ २४ तासात वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल तेवढी काढायची ताकद, तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं माप). पण ही ताकद मोजतात बाहेर ३५ डिग्री धरून. बाहेर ४५ झाले की तोच एसी तेवढा देत नाही. म्हणून पुण्यात मधल्या मजल्यावर ११० स्क्वेअर फुटाच्या खोलीला एक टन मस्त चालतो, आणि विदर्भात वरच्या मजल्यावर, जिथे स्लॅब रात्री बारापर्यंत तव्यासारखा तापलेला असतो, तिथे तोच एक टन रात्रभर धापा टाकतो. तिथे दीड घ्या आणि त्यासोबत गच्चीला पांढरा रंग मारा, हा रंगाचा खर्च एसीच्या बिलातून निघतो.

बसवण्याचा दिवस

खरं सांगायचं तर एसीचं पुढचं आयुष्य याच दोन तासात ठरतं, आणि नेमकं याच वेळी आपण त्या माणसांना चहा देऊन आत टीव्ही बघत बसतो. बसू नका. समोर उभे रहा आणि या गोष्टी बघा.

वायर आधी. एसीला बोर्डापासून वेगळी लाइन हवी, ४ स्क्वेअर एमएमची वायर, स्वतःची एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि व्यवस्थित आर्थिंग. गीझरच्या पॉइंटवरून ओढलेली लाइन चालेल म्हणणारा इलेक्ट्रिशियन बदला. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तोही बघून घ्या, कमी असेल तर वाढवून घ्या. स्टॅबिलायझरचं विचारतात सगळे. एसीवर "स्टॅबिलायझर फ्री" लिहिलेलं असलं तरी त्याला खाली-वर एक मर्यादा असते, आणि त्या मर्यादेबाहेर व्होल्टेज गेलं की एसी बंद पडतो. मे महिन्यात संध्याकाळी तुमच्या भागात ट्यूबलाइट फडफडत असेल तर स्टॅबिलायझर घ्या, नाहीतर पैसे वाचवा.

मग पाइप. बॉक्ससोबत बहुतेक तीन मीटर पाइप येतो, त्यापुढचा मीटरवर किंवा फुटावर लावतात आणि इथेच कोटेशन फुगतं. आउटडोअर, म्हणजे बाहेरची पेटी, जितका जवळ तितकं स्वस्त आणि गारही. पण जवळच्या नादात तो बंदिस्त डक्टमधे किंवा ग्रिलच्या आत कोंबू नका, त्याने फेकलेली गरम हवा त्यालाच परत मिळते. (आमच्या समोरच्या बिल्डिंगमधे एकाने आउटडोअरच्या तोंडासमोरच कपडे वाळत घालायची दोरी बांधलीये, कपडे छान वाळतात म्हणे. कॉम्प्रेसरला विचारा.)

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, व्हॅक्यूम. पाइप जोडले की त्यात हवा आणि दमटपणा असतो, तो पंप लावून ओढून काढावा लागतो, निदान १५-२० मिनिटं, आणि मग पंप बंद करून काटा जागच्या जागी राहतो का बघायचं. काटा वर सरकला की कुठेतरी लीक आहे किंवा आत ओलावा आहे. बरेच जण हे करतच नाहीत, आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून "हवा मारली" म्हणतात आणि दहा मिनिटात निघतात. आतला ओलावा कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून ॲसिड बनवतो आणि चौथ्या-पाचव्या वर्षी कॉम्प्रेसर जातो, तेव्हा कोणाला आठवतं की बसवताना काय झालं होतं. शिवाय हल्लीच्या एसीत आर-३२ गॅस असतो, तो थोडा का होईना पेट घेणारा आहे, तो असा सोडायचा नसतो. बुकिंग करतानाच फोनवर विचारा, "व्हॅक्यूम पंप आणणार ना?" पलीकडून "त्याची गरज नाही" आलं तर दुसरा माणूस.

शेवटी ड्रेन पाइप. एक मग पाणी इनडोअरच्या ट्रेमधे ओतून ते बाहेर सरसर जातंय का बघा. पाइपला पूर्ण उतार हवा, मधे झोळ नको, आणि शेवटचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नको.

बिल: एक रात्र मीटर वाचा

एसी महिन्याला किती खातो हे कोणाला विचारू नका, एक वही घ्या. रात्री झोपताना मीटरचं रीडिंग, सकाळी उठल्यावर परत. एक रात्र एसीशिवाय, एक रात्र २२ वर, एक रात्र २६ वर आणि सोबत पंखा. माझ्याकडे फ्रीज वगैरे वजा करून ८ तासाचे २२ वर ५.६ युनिट आले आणि २६ वर ४.१. दोन रात्री सारख्या नसतात हे मान्य, पण बीईईचंही म्हणणं आहे की एक डिग्री वर ठेवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, त्यामुळे माझा आकडा फार वेगळा नाही. १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी चालू केल्यावर २४ वर सुरू होतात ते याचसाठी. १८ वर ठेवलं म्हणून खोली लवकर गार होत नाही, एसी फक्त जास्त वेळ जोरात चालत राहतो.

आता स्लॅबचं. महावितरणचे घरगुती स्लॅब १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे असे आहेत, आणि दुसऱ्या स्लॅबचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट. लोकांना वाटतं ३०१ वं युनिट पडलं की सगळंच बिल महाग दराने येतं. तसं नाही, वरच्या युनिटनाच वरचा दर लागतो. पण याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. पंखा, फ्रीज, मिक्सर हे वर्षभर आहेतच, त्यांनी खालचा स्वस्त स्लॅब आधीच संपवलेला असतो, म्हणजे एसीचं प्रत्येक युनिट हे तुमच्या बिलातलं सगळ्यात महाग युनिट असतं. म्हणून एसीचा हिशोब करताना बिलाची सरासरी धरू नका, तुमच्या शेवटच्या स्लॅबचा दर घ्या, त्यात वहन आकार मिळवा आणि वर १६ टक्के वीज शुल्क. माझे रोजचे ४ युनिट, महिन्याला १२०, म्हणजे १५०० ते १६०० रुपये. हे डोक्यात ठेवूनच रिमोट हातात घ्या.

जाळी, दर पंधरा दिवसांनी

जाळी म्हणजे एसीचा फिल्टर, ती धुवायला पाच मिनिटं लागतात आणि याच्याइतका फायदा कशातच नाही.

एमसीबी बंद. पुढचं झाकण दोन्ही बाजूंनी वर उचला, जाळ्या किंचित वर ढकलून खाली ओढा की निघतात. ज्या बाजूला धूळ आहे त्याच्या उलट बाजूने नळाचं पाणी सोडा, म्हणजे धूळ बाहेर ढकलली जाते, समोरून मारलं तर ती जाळीत अजून रुतते. ब्रश घासू नका, तेलकट वाटली तर भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी. सावलीत वाळवा, उन्हात ठेवली की फ्रेम वाकडी होते आणि मग ती कधीच नीट बसत नाही, माझी एक तशीच झालीये. पूर्ण कोरडी झाल्यावरच लावा.

आउटडोअर महिना-दोन महिन्यांनी बघा. मागच्या बाजूच्या पत्र्यांवर धुळीचं गोधडीसारखं अस्तर चढतं, विशेषतः बाजूला बांधकाम चालू असेल तर. लाइन बंद करून साध्या नळीने वरून खाली हलकं पाणी, तिरका जोरदार फवारा नको, त्या पात्या कागदासारख्या दुमडतात. कबुतराच्या काड्याही तिथेच सापडतील.

आता गॅस

पहिल्या वर्षी एसी भन्नाट. दुसऱ्या उन्हाळ्यात गारवा कमी वाटला, एकाला बोलावलं, त्याने गेज (प्रेशर मोजायचा काटा) लावून सांगितलं "गॅस कमी झालाय साहेब, दरवर्षी होतो थोडा." २५०० दिले. तिसऱ्या उन्हाळ्यात परत तेच, २८००. चौथ्या वर्षी ३०००. मला खरंच वाटायला लागलं होतं की हा स्कूटरच्या पेट्रोलसारखाच खर्च असतो.

चौथ्या वर्षी महिन्याभरात परत गार होईना, तेव्हा शेजाऱ्यांनी एका वयस्कर मेकॅनिकचा नंबर दिला. त्यांनी गेज काढलंच नाही. आउटडोअरच्या नटांवरची काळी टेप सोडली, बोट फिरवलं आणि मला दाखवलं, बोटाला काळपट तेल, गॅससोबत फिरणारं तेल गळतीतून बाहेर आलेलं. मग वाटीत भांड्याच्या साबणाचा फेस केला आणि जाड पाइपच्या नटावर लावला. अर्धा मिनिट काही नाही, आणि मग नटाच्या कडेने एकेक बारीक बुडबुडा फुगून वर यायला लागला, अगदी सावकाश. ते म्हणाले, "भाऊ, गॅस का पेट्रोल आहे का बाप्पा संपाले?"

एसीचा गॅस बंद पाइपात गोल फिरतो. जळत नाही, झिजत नाही. कमी झाला म्हणजे तो कुठूनतरी गळला, आणि भोक न बुजवता वरून भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. माझ्या केसमधे बसवतानाच पाइपाच्या तोंडाची फ्लेअर, म्हणजे नटात घट्ट बसायला पसरवलेली कड, वाकडी झाली होती. त्यांनी तोंड कापलं, नवीन फ्लेअर मारली, व्हॅक्यूम केला, गॅस भरला. दुरुस्तीचे ४०० वेगळे. तीन वर्षांचे ८३०० त्या एका नटातून हवेत गेले होते.

म्हणून कोणी गॅस भरायचा म्हटलं की हा क्रम:

१. आधी जाळी धुवा आणि कॉइल (जाळीमागची नळ्या आणि पत्र्यांची चौकट) साफ आहे का बघा. पाइपावर बर्फ जमणं हे गॅस कमी असल्याचं लक्षण आहे तसंच हवा अडल्याचंही आहे, आणि दुसरं फुकटात दुरुस्त होतं.

२. दीड-दोनशे रुपयाचा डिजिटल थर्मामीटर घ्या. १५ मिनिटं एसी चालवून वरून आत जाणाऱ्या हवेचं आणि खालून येणाऱ्या हवेचं तापमान बघा. ८ ते १२ डिग्रीचा फरक असेल तर एसी बरोबर आहे, तुमची खोलीच जास्त तापतीये.

३. फरक कमी असेल तर "लीक कुठे आहे ते आधी दाखवा" म्हणा. नटांवर तेलाचा डाग, मग फेस. तिथे सापडलं नाही तर नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट. नायट्रोजनच, ऑक्सिजनचा सिलिंडर कोणी आणला तर घराबाहेर काढा, तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन मिळून स्फोट होतो.

४. गॅस काट्यावर नाही, वजनावर भरून घ्या. आउटडोअरच्या स्टिकरवर किती ग्रॅम आणि कोणता गॅस ते लिहिलेलं असतं. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर कमी-जास्त वेगाने फिरतो त्यामुळे प्रेशरचा काटा फसवतो. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून भरायला लावा आणि आधीचं-नंतरचं वजन बघा. जुन्या आर-२२ गॅसच्या एसीत ६०-७० पीएसआय प्रेशर बघायची सवय असलेले लोक आर-३२ लाही अंदाजपंचे भरतात.

बहिणीकडे ठाण्याला वेगळीच भानगड झाली, नट ठीक पण कॉइललाच सुईएवढी भोकं. समुद्राची खारी हवा, आणि खाडी-नाल्याच्या कडेला हवेत जो गंधकाचा वायू असतो तो तांबं खातो. तिथे डिंकासारखं काही लावून उपयोग नाही, कॉइल बदलावी लागते. किनाऱ्याकडे राहत असाल तर घेतानाच कोटिंगवाली कॉइल आहे का आणि कॉइलवर वॉरंटी किती हे विचारा. कॉम्प्रेसरची दहा वर्षं वॉरंटी सगळे ओरडून सांगतात, त्यात गॅस, मजुरी आणि ने-आण धरलीये का हे कार्डावर बारीक अक्षरात असतं.

पाल

हे हसण्यावारी नेऊ नका. एका सकाळी एसी गप्प, आउटडोअर उघडलं तर पीसीबीवर (इलेक्ट्रॉनिक बोर्डवर) एक पाल वाळून चिकटलेली, दोन पाय दोन टर्मिनलवर. नवीन बोर्ड ७५०० सांगितला. बाजारात बोर्ड दुरुस्त करणारे असतात, तिथे १८०० मधे झाला आणि अजून चालतोय. वॉरंटीत असेल तर अर्थातच कंपनीलाच बोलवा, बाहेर उघडलं की वॉरंटी गेली. वायर जिथून आत जाते ते भोक पुट्टीने किंवा बारीक जाळीने बंद करून घ्या, २० रुपयाचं काम.

पाणी टपकतंय

दहातले आठ वेळा ड्रेनमधे शेवाळासारखा बुळबुळीत गोळा अडकलेला असतो. बाहेरच्या टोकाने सायकलच्या पंपाने हवा मारा किंवा व्हॅक्यूम क्लीनरने ओढा. हे पाणी कुंड्यांना घाला, घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र नको, ते दिसायला स्वच्छ असलं तरी कॉइलवरची धूळ आणि धातू धुऊन आलेलं असतं.

सर्व्हिस आणि एएमसी (वर्षाचा देखभाल करार)

वर्षात दोनदा, एकदा मार्चच्या सुरुवातीला आणि एकदा सीझन संपल्यावर. एप्रिलमधे फोन केला तर मेकॅनिक आठवडाभर येत नाही आणि आला तरी पंधरा मिनिटात पुसून जातो. जेट वॉश म्हणजे इनडोअरला पिशवी बांधून कॉइल आणि आतला गोल ब्लोअर दोन्ही धुतले पाहिजेत. ब्लोअरच्या पात्यांवर टॉर्च मारून बघा, काळी बुरशी तिथेच बसते आणि एसीचा तो ओल्या मोज्यासारखा वास तिथूनच येतो. एका वेळचे साधारण ५०० ते ७०० पडतात आमच्याकडे. एएमसी घेताना "गॅस धरून" की "गॅस सोडून" हे लिहून घ्या. सोडून असेल तर दोन सर्व्हिसचे पैसे वेगळे देणं आणि एएमसी यात फारसा फरक उरत नाही, मी घेत नाही.

बंद करताना

ऑक्टोबर संपला की एक कोरडा दिवस बघून एसी नुसत्या फॅन मोडवर दोन तास चालवा म्हणजे कॉइल आतून वाळते. जाळ्या धुवा, एमसीबी पाडा, रिमोटचे सेल काढा (माझा एक रिमोट सेल गळूनच गेला). आउटडोअरला चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळू नका, आत ओल धरते आणि उंदरांना आयतं घर मिळतं, वर एखादा पत्रा किंवा फळी पुरे. आणि मार्चमधे परत चालू करायच्या आधी आउटडोअरमधे कोणी संसार थाटलाय का ते वाकून बघा.

तारखा मी कालनिर्णयवर लिहितो. जाळीला फक्त टिक, सर्व्हिसला रक्कम, आणि गॅसला किती ग्रॅम गेला तो आकडा. गेली दोन वर्षं गॅसचा रकाना रिकामा आहे.